समुद्राचं परमिट

मी वेंगुर्ल्याची. घरापासून समुद्र चालत दहा मिनिटांवर, पण पोहायला शिकले ती खाडीत, कमरेएवढ्या पाण्यात. दर्यात मुलींनी जायचं नाही असा आमच्याकडे अलिखित नियम होता. दर्या म्हणजे बाबांचं काम आणि आईची काळजी. लाटांशी खेळायला जायचं हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

गेली चार वर्षं मी दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यात, एपीवाय लँड्स नावाच्या मुलखात, एका वस्तीच्या दवाखान्यात नर्स आहे. मुलूख महाराष्ट्राच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा, एक लाख चौरस किलोमीटरच्या वर. माणसं जेमतेम अडीच हजार, म्हणजे आमच्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. 1981 च्या कायद्यानं ही जमीन इथल्या मूळ रहिवाशांच्या, अनंगू लोकांच्या नावावर परत झाली. तेव्हापासून बाहेरच्या माणसाला इथं यायचं तर आधी परमिट काढावं लागतं. नोकरीची ऑर्डर हातात असूनही मला ते काढावं लागलं होतं, आणि तेव्हा मी वैतागले होते, हे कबूल करते.

एप्रिलच्या सुट्टीत वस्तीतल्या सहा मुलींना समुद्रावर सर्फिंगला न्यायचं ठरलं. तेरा ते सतरा वयाच्या मुली, सोबत त्यांच्यातल्या दोघींची आजी, युवक केंद्रातली एक बाई आणि मी. त्यांच्या पिचंजाजारा भाषेत आजीला कामी म्हणतात. वस्तीत सगळेच तिला कामी म्हणतात, मीही म्हणते. मुलींची नावं इथं लिहीत नाही. त्याचं कारण सहाव्या दिवशी येईल.

मला नेलं ते कानांसाठी. इथल्या मुलांना कानाचं दुखणं अगदी तान्हेपणापासून लागतं. कान वाहतो, पडद्याला भोक पडतं, वर्गात मागे बसलेल्या मुलाला बाईंचं बोलणं ऐकू येत नाही आणि सगळे म्हणतात, लक्ष देत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या दोन वस्त्यांत पोहण्याचे तलाव झाल्यावर मुलांच्या कानात आणि त्वचेत सुधारणा दिसली, हे 2003 मध्ये छापून आलंय. पण तलावाचं क्लोरीनचं पाणी वेगळं आणि एप्रिलमधला सतरा-अठरा अंशांचा दक्षिण महासागर वेगळा. सहापैकी दोघींच्या पडद्याला भोक होतं. त्यांच्यासाठी कानात भरायचा मऊ लगदा आणि वरून बांधायच्या रबरी पट्ट्या घेतल्या. त्या पट्ट्या बघून सगळ्यात लहान मुलगी म्हणाली, "शेम, सिस्टर." इथल्या इंग्रजीत शेम हा शब्द लाजेपेक्षा मोठा आहे. चारचौघांत वेगळं दिसणं, पुढे पुढे करणं, सगळ्यांच्या नजरेत येणं, हे सगळं शेम.

पहिला दिवस : वस्ती ते कूबर पिडी

ही सहल खरं तर आदल्या ऑक्टोबरमध्ये निघायची होती. तेव्हा शेजारच्या वस्तीत एक जण गेला आणि सॉरी बिझनेस सुरू झाला. म्हणजे दुखवटा. मग शाळा, मॅच, मीटिंग, सगळं थांबतं. पैसे देणाऱ्यांनी "तारीख का पाळली नाही" म्हणून पत्र पाठवलं. त्याचं उत्तर लिहिताना युवक केंद्रातल्या बाईंचं डोकं फिरलं होतं.

सकाळी सातला निघायचं ते साडेदहाला निघालो. कामीच्या सामानात दोन ब्लँकेटं, एक चहाचा डबा, चान्पी गवताची जुडी आणि बर्फाच्या पेटीत कांगारूच्या चार शेपट्या. शेपट्या कशाला, असं विचारल्यावर म्हणाली, "दुसऱ्याच्या घरी रिकाम्या हातानं जायचं?" आमच्या आजीचं वाक्य. फक्त ती नारळ न्यायची.

कच्च्या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडलेल्या असतात. ट्रूपी, म्हणजे ती मागच्या बाकांवर दहा माणसं कोंबणारी टोयोटा, त्यांवरून गेली की दात वाजतात. मार्लाला डांबरी हायवे लागला तेव्हा मुलींनी टाळ्या वाजवल्या. तिथून दक्षिणेला कूबर पिडी 235 किलोमीटर.

वाटेत कामीनं पश्चिमेकडे दिशा दाखवली. बोटानं नाही, ओठ पुढे काढून. त्या बाजूला आत एमू फील्ड आहे. 15 ऑक्टोबर 1953 ला ब्रिटिशांनी तिथं अणुबॉम्ब फोडला. त्याचा काळा ढग वारा होता त्या बाजूला, वालाटिना आणि आसपासच्या वस्त्यांवर सरकला. माणसं आजारी पडली. जमीन कुणाची, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. कामी तेव्हा जन्मलेली नव्हती. तिच्या आईनं पाहिलेलं ती सांगते, तेही थोडक्यात, आणि मग गप्प बसते. मुलींनी गाणी बंद केली होती. पाच-एक मिनिटांनी परत लावली.

कूबर पिडी हे ओपल या रत्नाचं गाव. 1915 मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाला इथं ओपल सापडला आणि तेव्हापासून लोक जमीन पोखरत बसलेत. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो म्हणून घरंही जमिनीखाली. आम्हीही तळघरातल्या खोल्यांत झोपलो. तिथल्या एका दुकानात काचेच्या पेटीत शिंपले होते, ओपल झालेले शिंपले, निळ्या-हिरव्या रंगात झगमगणारे. अकराएक कोटी वर्षांपूर्वी या वाळवंटावर उथळ समुद्र होता. तो आटला, शिंपले गाळात राहिले आणि पुढे त्यांची जागा ओपलनं घेतली. सगळ्यात थोरली मुलगी पेटीवर नाक टेकवून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तो आधी आमच्याकडे येऊन गेला." दुकानदाराला कळलं नाही कोण आलं होतं. मला कळलं.

दुसरा दिवस : पोर्ट ऑगस्टा

540 किलोमीटर, सरळ रस्ता. सांगण्यासारखं फार नाही. लेक हार्टला थांबलो. मिठाचं पांढरंफट्ट सरोवर, पलीकडे वूमेराचा क्षेपणास्त्रांचा टापू. मुली मिठावर धावल्या, एकीनं चाटून बघितलं. मला शिरोड्याची मिठागरं आठवली.

एक गैरसमज इथंच काढून टाकते, कारण सहलीचं कळल्यावर घरच्या व्हॉट्सअॅपवर मला "त्या बिचाऱ्या पोरी पहिल्यांदाच समुद्र बघणार ना?" असे मेसेज आले होते. नाही. सहापैकी चौघींनी समुद्र आधी पाहिलेला होता. कुणी अॅडलेडच्या हॉस्पिटलला आजीसोबत आलेली, कुणी फुटबॉलच्या मॅचला. पोर्ट ऑगस्टाला स्पेन्सरच्या आखाताचं टोक येतं, तिथल्या धक्क्यावरून पाण्यात उड्या मारलेल्याही दोघी होत्या. "कापी पुल्का," मोठं पाणी, असं म्हणून त्यांनी चिप्स खायला घेतले.

तिसरा दिवस : मिडलटन

अॅडलेड ओलांडून दुपारी फ्लूरियू द्वीपकल्पावर उतरलो. ही नारिंजेरी लोकांची भूमी. मरी नदी जिथं समुद्राला मिळते तो सगळा भाग, कूराँगची लांबलचक खाडी आणि सरोवरं त्यांची.

वाटेत एका गावी दुकानात मुलींना पोहायचे कपडे घ्यायचे होते. दारातला गार्ड मुलींच्या मागे मागे रॅकभर फिरला. माझ्याही मागे फिरला. मुली काही बोलल्या नाहीत. हातांनी एकमेकींना खुणा केल्या आणि सहाही जणी हातातलं ठेवून रांगेनं बाहेर पडल्या. मी मात्र बाहेर आल्यावर तोंड सोडलं, मालवणीत. त्यांना शब्द कळले नाहीत, पण सूर कळला असावा, कारण तेवढ्या हसल्या.

मिडलटनला पोचलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. किनारा लांब आणि सपाट, लाटा दूर आतच फुटतात आणि पांढऱ्या फेसाच्या रांगा हळूहळू आत येतात. शिकाऊ लोकांना याहून सोयीची जागा मिळणार नाही. मुली दार उघडून धावायला निघाल्या आणि कामी गाडीत बसूनच म्हणाली, "विया." नाही.

का? कारण अजून इथल्या माणसांना भेटलो नाही. ओळख झाली नाही. उद्या.

युवक केंद्रातल्या बाईंनी वेळापत्रकाकडे पाहिलं. त्यात "संध्याकाळ : समुद्रात पाय" असं छापलेलं होतं. मुलींनी एक शब्दही काढला नाही. दुसऱ्या कुणाची मुलं असती तर तासभर रडारड झाली असती. या कुंपणाला टेकून उभ्या राहिल्या आणि लाटा बघत राहिल्या, काळोख होईपर्यंत.

चौथा दिवस : गूलवा

सकाळी गूलवाच्या किनाऱ्यावर नारिंजेरी बायका भेटल्या. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या बाईला इथं सगळे आंटी म्हणतात. इंग्रजी शब्द असला तरी मान आपल्या मावशी-आत्याचा. तिनं ओल्या पानांचा धूर केला, आम्ही एकेकीनं त्यातून गेलो. मग तिनं विचारलं, कुठून आलात, कुणाच्या आहात. प्रत्येक मुलीनं आपल्या आजीचा मुलूख सांगितला. माझी पाळी आली तेव्हा मी "इंडिया" म्हणाले. आंटी म्हणाली, "इंडिया मोठा आहे. तुझं पाणी कुठलं?" मी म्हणाले, वेंगुर्ला. अरबी समुद्र.

नंतर कामी एकटी पाण्याच्या कडेला गेली. मूठभर वाळू उचलली, हातात चोळली, पाण्यात टाकली आणि मोठ्यानं बोलायला लागली. ओरडून नव्हे; लांब असलेल्या माणसाला हाक मारावी तसं. आपल्या मुलखातल्या पाणवठ्यांवरही ती असंच करते, मी पाहिलंय. आम्ही कोण, कुठून आलो, सोबत कुणाकुणाची लेकरं आहेत, वाईट हेतूनं आलो नाही, यांना सांभाळ. थोरलीनं मला कानात अर्थ सांगितला. पण मला तो आधीच कळला होता. नारळी पौर्णिमेला बाबा होडीजवळ उभे राहून गाऱ्हाणं घालतात, "बा देवा म्हाराजा..." आणि मागची माणसं प्रत्येक वाक्याला म्हणतात "व्हय म्हाराजा." कामी एकेक वाक्य संपवून श्वास घ्यायला थांबत होती. माझ्या तोंडून दोनदा निघून गेलं. आंटीनं वळून पाहिलं, काही विचारलं नाही.

मग आंटीनं ङुरुंदेरीची गोष्ट सांगितली. ङुरुंदेरी हा त्यांचा थोर पूर्वज. पोंडी नावाच्या प्रचंड माशाच्या मागे तो नदीतून खाली आला, आणि मासा शेपूट हाणत पळाला तिथं तिथं मरीला वळणं पडली. सरोवरात त्याचा मेहुणा नेपेले यानं मासा भाल्यानं धरला, त्याचे तुकडे पाण्यात टाकले आणि त्यांतून बाकीच्या माशांच्या जाती झाल्या. पुढे त्याच्या दोन बायका पळून समुद्र ओलांडायला निघाल्या तेव्हा त्यानं पाणी चढवलं. त्या बुडाल्या आणि त्यांची बेटं झाली. समोरच्या क्षितिजाकडे हात करून आंटीनं ती कुठं आहेत ते सांगितलं. मुली डोळे बारीक करून बघत होत्या. त्यांच्याकडेही पळून गेलेल्या बायकांच्या गोष्टी आहेत. कामी एवढंच म्हणाली की पुरुष सगळीकडे सारखेच. बायका खूप हसल्या.

नदीचं मुख बघायला गेलो. नकाशावर एवढी मोठी दिसणारी मरी शेवटी इथं एका अरुंद फटीतून समुद्रात जाते. वरचं पाणी शेतीला उचलतात. 1940 पर्यंत बंधारे घालून खारं पाणी अडवलं. 1981 मध्ये वाळूनं मुख पूर्ण बुजलं, आणि पुढच्या दुष्काळात 2002 पासून ते उघडं ठेवायला वाळू उपसणारे ड्रेजर लावावे लागले. कामीनं विचारलं, "एवढी मोठी नदी, आणि तिला यंत्रानं वाट करून द्यावी लागते?" आंटी म्हणाली, हो. दोघी बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

तिथून कुमारांग्क बेटाचा पूल दिसतो. नकाशात त्याचं नाव हिंडमार्श बेट. हा पूल नको, ही जागा बायकांच्या दृष्टीनं पवित्र आहे, असं नारिंजेरी बायकांनी नव्वदच्या दशकात सांगितलं. 1995 मध्ये चौकशी आयोगानं ठरवलं की बायकांनी हे रचून सांगितलं. 2001 मध्ये फेडरल कोर्टाच्या न्यायाधीशांनी तो निष्कर्ष मान्य केला नाही, पण त्याच वर्षी पूल वाहतुकीला खुला झाला होता. 2010 मध्ये राज्य सरकारनं बायकांचं म्हणणं खरं होतं हे मानलं. आंटी त्या पुलावरून जात नाही. आमची गाडीही गेली नाही. बेटावर एक चांगलं कॅफे आहे असं कुणीतरी म्हणालं होतं; ते राहिलं.

आता तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं. हे मी जरा सविस्तर लिहिणार, कारण या सहलीत मला येत असलेली ही एकच गोष्ट होती. गूलवाच्या वाळूत पिपी नावाचे शिंपले मिळतात, नारिंजेरीत त्यांना कुटी म्हणतात. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, टाचा डावी-उजवीकडे फिरवत वाळूत रुतायचं, की पायाखाली गोटा लागतो. इथली माणसं याला नाच म्हणतात. आमच्या खाडीत ओहोटीला तिसऱ्या काढतात त्याचीच ही थोरली बहीण. मी परकर खोचावा तशी पँट वर केली आणि दहा मिनिटांत बादलीचा तळ झाकला. मुली बघत राहिल्या. दवाखान्यात सुया टोचणारी सिस्टर नाचतेय!

पण त्यांनी माझ्यावर मात केली, ती वेगळ्या रीतीनं. वस्तीजवळ मुल्गाच्या झाडाखाली मधमुंग्या खणून काढताना आधी जमिनीवरचं बारीक भोक दिसावं लागतं. ते डोळे घेऊन या मुली आल्या होत्या. लाट ओसरताना ओल्या वाळूवर किंचित फुगवटा येतो, तो मला कधी दिसला नव्हता. सगळ्यात लहानी तो बघून नेमकी तिथंच हात घालायला लागली. साडेतीन सेंटिमीटरपेक्षा लहान शिंपला परत टाकायचा असा सरकारी नियम आहे. आंटीनं मापाची पट्टी दिली, पण लहानीला ती दोन-चार वेळांतच लागेनाशी झाली.

संध्याकाळी आंटीच्या अंगणात निखाऱ्यांवर शेपट्या भाजल्या आणि शिंपले उकडले. मी एकशिपी सुक्कं केलं. ओला नारळ नव्हता, पाकिटातला सुका कीस होता. आई ऐकेल तर बोलणार नाही माझ्याशी. तरी ताट चाटून पुसून गेलं. कामीनं मात्र एकच शिंपला खाल्ला आणि चहा मागितला. जेवणानंतर आंटीनं पाणवनस्पतीचे लांब दोर काढले आणि कामीनं चान्पी गवत. दोघींच्याही टोपल्या गोल वळसे घालत, सुईनं टाचत वर चढतात. कामीकडच्या बायकांनी हे 1995 च्या सुमारास शिबिरांत उचललं, आंटीच्या घरात ते पणजीपासून आहे. कामी आंटीचा टाका न्याहाळत म्हणाली, "माझा घट्ट आहे." आंटी म्हणाली, "माझ्यातून पाणी गळू द्यायचं असतं."

पाचवा दिवस : लाट

परवानगी मिळालेली होती, आता समुद्र आमचा.

सर्फ शिकवणारी बाई स्थानिक, तिशीची, नाकावर पांढरं झिंक फासलेली. वेटसूट चढवण्यात पाऊण तास गेला. पाठीला चेन असलेला, अंगाला चिकटणारा तो रबराचा काळा अंगरखा घातल्यावर मुलींचा एक मोठा प्रश्न सुटला: पोहायच्या कपड्यात लोकांसमोर जायचं शेम नाही. मनगटापासून घोट्यापर्यंत सगळं झाकलेलं. मी शाळेत असताना हे मिळालं असतं तर कदाचित मीही दर्यात गेले असते. लहानीच्या कानाच्या पट्टीचा प्रश्न मात्र राहिला. मग शिकवणारीनंच तशी पट्टी बांधली आणि बांधते आहे हेही कुणाला सांगितलं नाही. पाच मिनिटांनी लहानीनं हात पुढे केला.

आधी वाळूवर. आठ फुटी मऊ फोमच्या फळीवर पालथं झोपायचं, हात छातीशी, आणि एका झटक्यात उभं राहायचं. कुणाचा डावा पाय पुढे येतो, कुणाचा उजवा. मग समुद्रातला ओढा ओळखायला शिकवलं. जिथं लाटा फुटत नाहीत, पाणी गडद आणि शांत दिसतं, तीच जागा माणसाला आत ओढून नेते. फसवी जागा शांत दिसते हे मुलींना लगेच पटलं. त्यांनी शार्कबद्दल विचारलं. शिकवणारी खोटं बोलली नाही. 2023 या एका वर्षात या राज्यात तीन सर्फर शार्कच्या हल्ल्यात गेले. इथं आपण कमरेएवढ्या पाण्यात राहणार, आणि मी सगळ्यांच्या पुढे, असं तिनं सांगितलं. कामीनं मान हलवली. तिच्या मते त्या बाजूचं बोलणं काल झालेलं होतं.

शिकवणारीनं आणखी एक सांगितलं ते मला माहीत नव्हतं. फळीवर उभं राहून लाट घेणं ही हवाईच्या मूळ लोकांची विद्या. मिशनऱ्यांच्या काळात ती तिथं जवळजवळ मोडली होती. 1914-15 च्या उन्हाळ्यात हवाईचा ड्यूक कहानामोकू सिडनीला आला आणि फ्रेशवॉटरच्या किनाऱ्यावर त्यानं ती लोकांना करून दाखवली. या देशात सर्फिंगचं एवढं वेड पसरलं ते तिथून पुढे. "म्हणजे हे गोऱ्यांचं नाही," थोरली म्हणाली. शिकवणारी गोरीच होती. ती म्हणाली, "नाही. मीही उसनंच घेतलंय."

पहिले दोन तास नुसतं पडणं. फेसाची लाट मागून येते, फळी पुढे उडते, मुलगी मागे. नाकातोंडात पाणी. फुटबॉल खेळणारी आडदांड मुलगी सगळ्यात जास्त पडली, कारण ती ताकद लावत होती. वस्तीतल्या चर्चमध्ये गाते ती सडपातळ मुलगी, जिच्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती, ती अकराच्या सुमारास उभी राहिली. ओरडली नाही, हात वर केले नाहीत. जणू आपल्या अंगणात उभी आहे अशी किनाऱ्यापर्यंत आली, पाणी घोट्याएवढं झाल्यावर फळीवरून उतरली, आणि मग मागे वळून पाहिलं. तिथं कुणी टाळ्या वाजवल्या असत्या तर शेम झालं असतं. पाचही जणी नुसत्या भुवया उंचावून हसल्या.

त्यानंतर एक गंमत झाली. लाटांच्या आवाजात शिकवणारीचं ओरडणं कुणाला ऐकू जात नव्हतं, आणि ज्यांचे कान बंद केलेले त्यांना तर काहीच नाही. पण मुलींचं आपसात सगळं नीट चाललं होतं, कारण त्या हातांनी बोलत होत्या. वाळवंटात शिकारीला, दुखवट्यात, लांबून बोलताना वापरायच्या खुणा. थांब, ये, मोठी येतेय, ही नको, पुढची घे. कामी किनाऱ्यावर ब्लँकेट पांघरून बसली होती आणि दोनशे फुटांवरून नातीला सांगत होती की पाय जवळ जवळ ठेवू नकोस. दुपारनंतर शिकवणारीनं त्यांच्या चार खुणा उचलल्या. एक तिनं चुकीची केली आणि सहाही जणी पाण्यात हसत कोसळल्या. तिनं काय म्हटलं होतं ते मला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

शेवटी मलाही ढकललं. मी उभी राहिले नाही. गुडघ्यांवर आले, तीन-चार सेकंद, आणि मग तोंड वाळूत. आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "कान पूस."

संध्याकाळी सातला फोन आला.

सहावा दिवस : परत

वस्तीत एक वयस्क बाई गेली होती. कामीची चुलत बहीण, म्हणजे बहीणच. रात्रभर खोलीतून रडण्याचा आवाज येत होता, उंच आणि लांब, एकीचा थांबला की दुसरीचा. सातव्या दिवशीचं सर्फिंग, बोटीतून फेरी, निरोपाचं जेवण, सगळं आपोआप रद्द. कुणी काही ठरवावं लागलं नाही.

सकाळी गाडी भरत असताना शिकवणारी आली. तिच्या हातात काल काढलेल्या फोटोंचे छापील प्रिंट होते. ज्या मुलीनं पहिली लाट घेतली तिला तिनं लांबूनच नावानं हाक मारली. कामीचा हात वर गेला, तळवा समोर.

गेलेल्या बाईचं नाव तेच होतं. माणूस गेलं की त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, आणि तेच नाव असलेल्या जिवंत माणसालाही त्या नावानं बोलवायचं नाही, किती तरी काळ. मी शिकवणारीला बाजूला घेऊन सांगितलं. तिनं फक्त विचारलं, मग काय म्हणू? कुन्मनारा, मी म्हणाले. ज्यांचं नाव घेता येत नाही त्यांना तसं म्हणतात. ती मुलीपाशी गेली आणि अडखळत म्हणाली, "कुन्मनारा, हा तुझा." मुलीनं भुवया उंचावल्या. म्हणजे हो. फोटो घेऊन तिनं पिशवीत पालथा ठेवला.

निघायच्या आधी आंटी आली. तिला कुणी कळवलं ठाऊक नाही. ती आणि कामी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, दोघींच्या दोन भाषांत. आंटीनं परवाची अर्धवट टोपली दिली, सुई तशीच टोचलेली. मग कामी पाण्याशी गेली. परत बोलली. चाललो, एवढंच असावं, कारण लवकर संपलं.

गाडीत बसायच्या आधी तिनं लहानीला खिसे उलटे करायला लावले. नऊ शिंपले निघाले. दुसऱ्याच्या मुलखातलं उचलून न्यायचं नाही. उलुरूचे दगड घरी नेलेली माणसं वर्षानुवर्षं माफीची पत्रं लिहून ते टपालानं परत पाठवतात, हे मुलींना ठाऊक आहे. लहानी एकेक शिंपला ठेवून आली, फेकले नाहीत.

परतीचे बाराशे-पंधराशे किलोमीटर आम्ही फार बोललो नाही. कूबर पिडीला पेट्रोल भरलं, शिंपल्यांच्या दुकानासमोरून गेलो. थोरलीनं मान वळवून पाहिलं.

नंतर

दुखवटा, मग दफन, मग पाहुणे परतायला तीन आठवडे गेले. त्यानंतर लहानी दवाखान्यात आली. कान खाजतोय म्हणाली. कामी सोबत होती, दाराशी जमिनीवर बसली. पडद्याला भोक असल्यामुळे पाणी घालून कान धुता येत नाही. टिश्यू पेपरची बारीक वळी करून हळूहळू कोरडा करावा लागतो. आधी दिव्यानं आत बघितलं. भोक सोडलं तर पडदा ठीक होता, लाली नव्हती. कडेला एक पांढुरका कण चमकत होता. इथली वाळू लाल असते.

"पट्टी काढली होतीस ना?" मी विचारलं.

भुवया वर गेल्या.

वळीच्या टोकावर तो कण बाहेर आला. मी तो कामीला दाखवला. तिनं चष्मा वर केला, बराच वेळ पाहिला, आणि सहलीतून परतल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं हसली.

"यानं परमिट काढलं नाही," ती म्हणाली.

लहानीनं वळी माझ्या हातातून घेतली, कण तळहातावर झटकला आणि मूठ बंद करून बाहेर पळाली. कामीनं तिला हाक मारली नाही.